दहा दिवसांची सेवा आणि मिरजेची एकोणचाळीस वर्षं

आपल्यातले जे ऑनसाइटला जाऊन आलेत त्यांना हा अनुभव असेल. टीममधला एखादा अमेरिकन एक दिवस सांगतो की मी दहा दिवस रजा टाकून केनियाला नाहीतर ग्वाटेमालाला चाललोय. चर्चचा ग्रुप आहे, तिथल्या शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांना शिकवायचं, प्रार्थना घ्यायची. मिशन ट्रिप! तिकिटासाठी थोडी वर्गणी देणार का?

मग कॅन्टीनमध्ये आपल्या लोकांच्या दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, सगळा धर्मांतराचा धंदा आहे. दुसरी म्हणते, बिचारा स्वतःची रजा घालवतोय, तुम्ही काय केलंत?

मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. कारण मी सांगलीकडचा, आणि आमच्याकडे मिशन म्हटलं की आधी मिरजेचं हॉस्पिटल आठवतं.

विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आला. सुरुवात सांगलीत एका लहानशा दवाखान्यानं झाली. १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं. हे डॉक्टर परत गेले १९२८ साली. म्हणजे एकोणचाळीस वर्षं! आपण दोन वर्षांत कंपनी बदलतो राव. त्यांची पहिली बायको मेरी इथेच वारली, कोल्हापुरात तिच्या नावाचं हॉस्पिटल आहे. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीचं नावही याच डॉक्टरांवरून पडलंय. तिथे त्यांनी क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम काढलं होतं.

पण मला वर्षांच्या आकड्यापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे भाषा. इथे राहायचं तर मराठी शिकायलाच हवी होती. पेशंटला कुठे दुखतंय हे त्याच्या बोलीत कळल्याशिवाय कसलं निदान न् कसलं काय. दुसरी म्हणजे शिकवणं. एकटा सर्जन किती ऑपरेशनं करणार? त्यांनी हाताखालच्या इथल्या मुलांना शिकवायला मेडिकल स्कूल काढलं. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्यापासून केटी चालू ठेवली. सगळं काम एकाच माणसाच्या डोक्यात असलेलं प्रोजेक्ट तो माणूस गेल्यावर कसं कोसळतं, ते तुम्हाला मी काय सांगू :)

मिरजेचं तसं झालं नाही. डॉक्टर गेल्यावरही काम चालू राहिलं. १९६२ साली मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, तेव्हा सुरुवातीला मुलं याच हॉस्पिटलात शिकली. आज मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आहेत, उत्तर कर्नाटकातून पेशंट येतात. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपण कृतघ्न माणसासाठी वापरतो. पण बाहेरून सेवेला आलेल्या वैद्यानं स्वतःच असं बघावं की आपली गरज सरली पाहिजे.

आता धर्माचा मुद्दा. तो टाळण्यात अर्थ नाही. वानलेस धर्मप्रसारासाठीच आले होते आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. त्या काळच्या मिशन दवाखान्यांत औषधाबरोबर उपदेशही असायचा. मला तो उपदेश खटकतो. खाटेवर पडलेला माणूस वाद घालू शकत नाही, उठून जाऊ शकत नाही. म्हणून माझी अट एकच: उपचार बिनशर्त हवा. ऐकलं नाही तरी तेच औषध, तीच खाट. ही अट पाळली जात असेल तर डॉक्टर कुणाची प्रार्थना करतो याच्याशी मला देणंघेणं नाही. पाळली जात नसेल तर ती सेवा नव्हे, सौदा झाला. आणि हे आपल्याकडच्या कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही पक्षाच्या मदत केंद्रालाही लागू आहे. फक्त मिशनऱ्यांना वेगळा नियम नको.

मग दहा दिवसांच्या ट्रिपचं काय? ती थेट टाकाऊ म्हणायला मी तयार नाही. पण धोका खरा आहे. कंबोडियात आणि नेपाळमध्ये परदेशी स्वयंसेवकांच्या ओघामुळे अनाथाश्रम वाढले आणि आईबाप जिवंत असलेली मुलं त्यांत ठेवली गेली. पाहुण्यांना सेवा करायला मुलं हवीत, म्हणून मुलं!

आपणही फार वेगळे नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीला मदतीचे ट्रकच्या ट्रक आले. त्यातली बरीच मदत लाखमोलाची होती. पण जुने कपडे पाठवू नका, हेही सांगायची वेळ आली. आपल्या कपाटात काय जास्त झालंय हे बघून दिलेली मदत अशीच असते.

याउलट साताऱ्याकडे बघा. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये १ मे २०१८ ला शहरांतले हजारो लोक एका दिवसासाठी गावोगावी श्रमदानाला गेले. एकच दिवस! त्यात कॉम्प्युटरवाल्यांनी कितीशी माती उपसली असेल? पण ते आधीपासून चालू असलेल्या कामात गेले. गावकऱ्यांनी अगोदर ट्रेनिंग घेतलं होतं, चर कुठे खणायचा हे गाव सांगत होतं, आणि पाहुणे गेल्यावरही पंचेचाळीस दिवसांची स्पर्धा गावच लढवत होतं. त्या वर्षी माण तालुक्यातली टाकेवाडी पहिली आली.

म्हणजे प्रश्न एक दिवस की एकोणचाळीस वर्षं हा नाहीच. आपण जायच्या आधी तिथे काम करणारं आणि आपण आल्यावर ते पुढे नेणारं तिथलं कुणी आहे का, हा आहे. असेल तर दहा दिवसही चालतील. नसेल तर ती सहल आहे. सहलीला जरूर जावं, पण स्वतःच्या पैशानं. आयजीच्या जिवावर बायजी उदार नको.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी वर्गणी मागितली तर धर्म विचारू नका. एवढंच विचारा: तिकडे कोण आहे, त्यांनी काय मागितलंय, आणि तू परत आल्यावर ते कोण करणार? आणि हो, कंपनीच्या पुढच्या 'व्हॉलंटिअरिंग डे'ला टी-शर्ट घालून बसमध्ये चढायच्या आधी हेच प्रश्न एचआरलाही विचारून बघा. काय उत्तर मिळतं ते मला कळवा.