पडझड, जतन आणि जीर्णोद्धार

युरोपातले राजवाडे आणि किल्ले पाहून परतलेल्या मराठी माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘त्यांनी किती जपून ठेवले आहे, आणि आपण!’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि क्वचित वर्गात उच्चारतही आलो आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ‘जपणे’ या एका क्रियापदाखाली आपण दोन अगदी भिन्न गोष्टी घालतो, हे माझ्या लक्षात यायला एक उन्हाळी सुट्टी आणि तीन शहरे खर्ची पडली. उरलेले राखणे ही एक गोष्ट. गेलेले पुन्हा उभारणे ही दुसरी. मराठीत यांना ‘जतन’ आणि ‘जीर्णोद्धार’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, पण वापरताना आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास ठेवतो.

पहिले शहर हायडेलबर्ग. माझा भाचा तिथून जवळच नोकरीला आहे. त्याच्याकडे मुक्काम होता. नेकार नदीच्या वर, डोंगराच्या कुशीत तांबड्या वालुकाश्माचा तो प्रचंड राजवाडा दिसला तेव्हा प्रथम वाटले, दुरुस्तीचे काम चालू असावे. जवळ गेल्यावर कळले की तो तसाच आहे. १६८९ आणि १६९३ या दोन वर्षी चौदाव्या लुईच्या फ्रेंच सैन्याने तो उद्ध्वस्त केला. पुढे दुरुस्तीची काही कामे झाली, तर १७६४ मध्ये वीज पडून तो पुन्हा जळाला. सुरुंगाने फुटलेल्या एका बुरुजाचा अर्धा भाग अखंडच्या अखंड कलंडून खंदकात पडला आहे आणि तीनशेहून अधिक वर्षे तिथेच आहे. सोळाव्या शतकातल्या ओटहाइनरिश या राजपुरुषाच्या वाड्याची दर्शनी भिंत कोनाड्यांतल्या शिल्पांसह उभी आहे. पण तिच्या खिडक्यांतून आत पाहिले तर दालन दिसत नाही, आभाळ दिसते.

भाच्याने विचारले, “मामा, यांच्याकडे पैसा आहे, कारागीर आहेत. मग हे पुरे का नाही करून टाकत?”

हा प्रश्न त्या देशात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा वाडा पूर्ववत बांधावा अशी मोठी मागणी होती. जर्मनी नुकताच एक राष्ट्र झाला होता आणि फ्रेंचांनी पाडलेला वाडा पुन्हा उभारणे हे राष्ट्राभिमानाचे काम वाटत होते. त्यांपैकी फ्रीडरिशचा वाडा खरोखरच १९०० पर्यंत नव्याने सजवण्यात आला. आतल्या दालनांत जुन्या शैलीची नवी सजावट आली. मग १९०१ मध्ये गेओर्ग देहिओ या कलेतिहासाच्या प्राध्यापकाने एक पुस्तिका लिहून या सगळ्यालाच विरोध केला. त्याच्या भूमिकेचा गाभा असा : जतन करा, पूर्ववत करू नका. हरवलेले आपण परत आणू शकत नाही. आणू शकतो ती फक्त आपली त्याविषयीची कल्पना, आणि ती दगडात बांधली की पुढच्या पिढीला खरे कोणते आणि कल्पना कोणती हे ओळखणे कठीण होते. अखेर उरलेला वाडा भग्नच ठेवला गेला.

याच वाड्याची आणखी एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. त्याची पडझड झाल्यावर आसपासचे लोक बांधकामासाठी तिथले दगड नेत असत. हे थांबावे म्हणून आयुष्य वेचणारा माणूस होता शार्ल द ग्रँबेर, म्हणजे राज्यक्रांतीत देशोधडीला लागलेला एक फ्रेंच सरदार. तो १८१० मध्ये इथे आला आणि इथलाच झाला. फ्रेंचांनी पाडलेला वाडा एका फ्रेंचाने राखला. वाडा नवा बांधला असता तर या दोन्ही गोष्टी केवळ माहितीफलकावर उरल्या असत्या. आज त्या डोळ्यांना दिसतात, कारण भिंत फुटलेली आहे.

हायडेलबर्गहून मी पुढे बर्लिनला गेलो. तिथे याच प्रश्नाचे अगदी उलट उत्तर उभे आहे. शहराच्या मध्यभागी असलेला प्रशियन राजांचा वाडा दुसऱ्या महायुद्धात जळाला. उरलेला सांगाडा पूर्व जर्मनीच्या साम्यवादी सरकारने १९५० मध्ये सुरुंग लावून पाडला, कारण त्यांना तिथे राजेशाहीची खूण नको होती. त्या जागेवर १९७६ मध्ये त्यांनी ‘प्रजासत्ताकाचा प्रासाद’ बांधला. तिथे संसद भरे आणि सामान्य लोक नाटक-संगीताला, खाण्यापिण्यालाही जात. जर्मनीचे एकीकरण झाले आणि चक्र उलटे फिरले. २००२ मध्ये संसदेने जुन्या वाड्याच्या पुनर्बांधणीच्या बाजूने कौल दिला. २००८ पर्यंत प्रासाद पाडून झाला. आणि आता तिथे तीन बाजूंनी जुन्या राजवाड्याचा हुबेहूब दर्शनी भाग व चौथ्या बाजूला आधुनिक सपाट भिंत असलेली इमारत आहे. २०२१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. आत वस्तुसंग्रहालये आहेत.

ही वास्तू पाहताना मला सतत अस्वस्थ वाटत होते. कोरीव काम उत्तम आहे. कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही. पण एका राजवटीने सोयीची नसलेली स्मृती पाडली आणि दुसऱ्या राजवटीने पहिलीची स्मृती पाडून त्याआधीची परत आणली. प्रासादात ॲस्बेस्टॉस होते, तो धोकादायक होता, हे खरे. परंतु ज्यांचे तारुण्य त्या सभागृहांत गेले अशी माणसे त्या शहरात अजून आहेत आणि त्यांच्या आठवणीला उभे राहायला आता जागा नाही. पुनर्बांधणी क्वचितच मोकळ्या जागेवर होते. बहुतेक वेळा ती कशाच्या तरी जागेवर होते.

एवढ्यावर थांबलो असतो तर देहिओचे म्हणणे सरसकट खरे मानून परतलो असतो. पण पुढचा मुक्काम वॉर्सा होता, आणि वॉर्साने माझे हे सोपे उत्तर मोडले.

तिथल्या राजवाड्यात पोलंडची संसद भरत असे. १७९१ च्या ३ मे रोजी पोलिश राज्यघटना तिथेच संमत झाली. १७ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्यात वाडा पेटला आणि मनोऱ्यावरचे घड्याळ सव्वाअकराला थांबले. पुढे जर्मनांनी भिंतींना सुरुंगासाठी भोके पाडून ठेवली आणि १९४४ च्या उठावानंतर वाडा उडवून दिला. एखादा वाडा युद्धात पडणे वेगळे आणि एका लोकसमूहाची खूण पुसावी म्हणून तो हिशोबाने पाडणे वेगळे. उरलेल्या मोजक्या भिंतींपैकी एका तुकड्यात एक खिडकी होती. कादंबरीकार स्तेफान झेरोम्स्की आयुष्याच्या अखेरीस जिथे राहत होता, त्या खोलीची ती खिडकी.

पुनर्बांधणीचा निर्णय १९७१ मध्ये झाला. खर्च मुख्यतः देशातल्या आणि देशाबाहेरच्या पोलिश लोकांच्या देणग्यांतून उभा राहिला. १९ जुलै १९७४ रोजी मनोऱ्यावरचे घड्याळ पुन्हा चालू केले ते सव्वाअकरा वाजताच. आणि १९८४ मध्ये दालने लोकांसाठी खुली झाली. हे सारे भावनेच्या भरात झाले नाही. युद्धाच्या पहिल्या महिन्यांतच स्तानिस्वाव लोरेन्ट्स या संग्रहालय-संचालकाच्या पुढाकाराने चित्रे, लाकडी फरशा, नक्षीचे तुकडे जीव धोक्यात घालून बाहेर काढले गेले होते. युद्धापूर्वीची छायाचित्रे होती, मोजमापे होती. अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो या व्हेनिसच्या चित्रकाराने रंगवलेली वॉर्साची चित्रे शहर पुन्हा उभारताना उपयोगी पडली. ती आज त्याच वाड्यात लावलेली आहेत. वाचवलेले मूळ तुकडे नव्या भिंतींत बसवले गेले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाडा उभा असताना पाहिलेली माणसे तो पुन्हा उभा राहत असतानाही हयात होती. चुकले असते तर ‘असे नव्हते’ म्हणणारे कोणी तरी शेजारीच होते. वॉर्साचे जुने शहर १९८० मध्ये जागतिक वारसा यादीत गेले ते असे पुन्हा बांधलेले शहर म्हणूनच.

याच वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे एक स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आसरा मिळाला होता, त्याची ती कृतज्ञ नोंद. त्या दगडासमोर उभा असताना मला वळिवडे आठवले हे ओघाने आले. पण त्याहून अधिक आठवला तो रायगड, आणि काही वर्षांपूर्वी केलेली एक सही.

दरवर्षी मी विद्यार्थ्यांना रायगडावर नेतो. राजसदरेच्या मागे, राजवाड्याच्या जोत्यांवर आलो की कोणी तरी निराश होऊन म्हणतेच, “सर, इथे तर काहीच नाही.” मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली आणि वाड्यांचा लाकडी भाग जळून गेला, उरली ती दगडी जोती. पुण्याचा शनिवारवाडाही १८२८ मध्ये असाच जळाला. मुलांच्या त्या निराशेला उत्तर म्हणून मी एकदा ‘रायगडावरील राजवाडा पूर्ववत उभारावा’ अशा निवेदनावर सही केली होती. तेव्हा मला ते जतनाचेच काम वाटले होते.

आपल्याकडे जीर्णोद्धाराची परंपरा मोठी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. अहिल्याबाईंनी काशीचे मंदिर नव्याने बांधले तेव्हा तिथली पूजा जिवंत होती; देव होता, फक्त घर पडले होते. वॉर्साच्या वाड्याचेही काहीसे तसेच म्हणता येईल. पण रायगडावरच्या वाड्याची जी कसोटी लागेल ती वेगळी आहे. तो कसा दिसत होता, याचे त्या काळातले विश्वसनीय चित्र आपल्याजवळ नाही. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, गडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनची नोंद आहे, पण नोंदीवरून खांबावरची नक्षी काढता येत नाही. आज आपण जो वाडा बांधू तो शिवकालाचा नसेल. तो आपल्या चित्रपटांचा आणि दिनदर्शिकांचा असेल. वीस वर्षांनी तिथे जाणारा विद्यार्थी त्यालाच पुरावा समजेल. शिवाय ज्या जोत्यांत अजून वाचायचे पुष्कळ शिल्लक आहे, ती त्या नव्या बांधकामाखाली जातील.

२०२५ मध्ये रायगडासह बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आनंद झाला, आणि धास्तीही वाटली. यादीत गेल्यावर गर्दी येते, निधी येतो, आणि ‘पाहण्यासारखे काही तरी’ उभे करण्याची घाईही येते. निधी जरूर यावा. तो पाण्याच्या निचऱ्यावर, ढासळत्या तटांच्या डागडुजीवर, उत्खननावर आणि जाणकार वाटाडे घडवण्यावर खर्च व्हावा. वाडा कसा असेल याविषयीची अनुमाने चित्रांतून पायथ्याशी जरूर मांडावीत, ‘हे अनुमान आहे’ असे ठळक लिहून. चित्र चुकले तर बदलता येते. बांधलेला वाडा बदलायला कोणी धजत नाही.

‘इथे काहीच नाही’ म्हणणाऱ्या मुलाला उत्तर देण्याचे काम माझे, म्हणजे शिक्षकाचे आहे. ते मी गवंड्यावर ढकलले होते. यंदा जोत्यापाशी थांबून मी मुलांना आधी आगीची गोष्ट सांगणार आहे, मग पावलांनी दालनांची लांबी-रुंदी मोजायला लावणार आहे. आणि त्या निवेदनावरची माझी सही मी मागे घेतो आहे, हेही या लेखाच्या निमित्ताने इथे नोंदवून ठेवतो.