त्यांना परमिट, आम्हाला लॉकअप

गुजरातेत दारूबंदी आहे. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हापासून. कायदा मूळ आपल्याच मुंबई राज्याचा, १९४९ चा. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं या बंदीच्या भिंतीला एक खिडकी पाडली. गांधीनगरजवळची गिफ्ट सिटी. काचेचे टॉवर, बँका, परदेशी पैसा. तिथल्या ठरावीक हॉटेलांत आणि क्लबांत साहेबानं खुशाल प्यावी. तिथल्या कंपन्यांचे मालक, कर्मचारी आणि त्यांचे अधिकृत पाहुणे यांच्यासाठी तेव्हा ही सोय केली. का? जगातला धंदा यावा म्हणून!

आणि नाक्यावरच्या मजुरानं प्याली की गुन्हा. एकच घोट. पत्ता बदलला की कलम बदलतं.

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. मी दारूचा वकील नाही. दारू न पिण्याची प्रतिज्ञा बाबासाहेबांनी १९५६ ला नागपुरात दिली, ती मी पाळतो. पगाराच्या रात्री माझ्या पाळीतली माणसं कुठं जातात आणि त्यांच्या घरी चूल पेटते का, ते मला कुणी शिकवू नये. पण मग सरकारनं मला नीती तरी का शिकवावी?

जुलै २०२२. त्याच गुजरातेत, बोटादच्या खेड्यांत मिथेनॉल पिऊन चाळिसावर माणसं मेली. गरीब, रोजंदारीवरची. त्यांच्यासाठी कुणी खिडकी पाडली नव्हती. आपण तरी कुठले शहाणे? आपल्याकडे परमिटचं राज्य, तरी जून २०१५ ला मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर गेले. बंदी असो की परमिट, मरतो तो स्वस्तातली पिणारा.

अहमदाबादचं छारानगर बघा. इंग्रजांच्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलेली ही जमात. तो कायदा १९५२ ला गेला, शिक्का राहिला. शिक्का असलेल्याला नोकरी कोण देणार? कितीकांनी पोटासाठी भट्टी लावली. जुलै २०१८ मध्ये पोलिसांनी घरात घुसून झोडपलं, अशी वस्तीची तक्रार होती. भट्टीवाली बाई गुन्हेगार, आणि तोच माल क्लबात ग्लासातून देणारा परवानाधारक!

सरकार, दारू विष असेल तर आधी टॉवरमधली बाटली फोडा. नसेल तर छारानगरच्या बाईवरचे खटले मागं घ्या, तिला दुसरं काम द्या. दोन्ही जमत नसेल तर दारूबंदीच्या नावानं गांधीजींचा फोटो पुढं करू नका. तुमची बंदी गावकुसाबाहेरच्यांसाठीच आहे, हे आम्हाला कळतं.