शोकेसमधली पांढरी वाइन

मैत्रिणींनो, पूर्वी परदेशाहून आलेला दीर नाहीतर जावई साबण आणि सेंट आणायचा. आता बॅगेतून फ्रान्सची पांढरी वाइनही निघते. येताना माणशी २ लिटरपर्यंत करमुक्त आणता येते. असं करता करता पनवेलच्या फ्लॅटमध्येसुद्धा पाच-सहा बाटल्या जमतात. आणि त्या ठेवतो कुठं? हॉलच्या शोकेसमध्ये, बाहुल्यांच्या शेजारी उभ्या! तिथंच घात होतो, बरं का.

अशा संग्रहात ज्या नावाला फार मान, ते म्हणजे बर्गंडी प्रांतातल्या पुलिनी-मोन्राशे गावचं लफ्लेव्ह घराणं. शार्दोने द्राक्षाची त्यांची वाइन जगभर नावाजलेली. तिथला कारभार १९९० पासून आन-क्लोद लफ्लेव्ह या बाईंनी हाती घेतला. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचं, मग पाण्यात घोळून मळ्यात शिंपडायचं, अशी शेती त्यांनी १९९७ पर्यंत आपल्या सगळ्या मळ्यांत आणली. २०१५ साली त्या वारल्या. एवढ्या निगुतीनं केलेली वस्तू आपल्या घरी नासली, तर जीव हळहळणारच.

अशी वाइन मुरायला ठेवायची तर १२-१३ अंशांचा थंडावा आणि अंधार हवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ३५ च्या वर! उष्णतेनं आतली वाइन फुगते, बूच वर सरकतं, हवा शिरते. मग कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा तिचा रंग तपकिरी होतो आणि चवही जाते. उन्हानं वास बिघडतो तो वेगळाच.

तेव्हा एवढं करा. बुचाची बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहून आकसत नाही. जागा आतल्या खोलीतली, कपाटाच्या तळाशी. ओट्याजवळ किंवा फ्रीजच्या डोक्यावर मुळीच नको. पावसाळ्यात लेबलाला बुरशी धरते, म्हणून पातळ प्लॅस्टिक गुंडाळा. उन्हाळ्यात सरळ फ्रीजमध्ये ठेवा. महिना-दोन महिने काही होत नाही. वर्षानुवर्षं साठवायची असेल तर मात्र वाइनचं खास कपाट घ्यावं लागतं, आणि वीज गेली की तेही बिचारं हतबल!

आपल्या नाशिककडच्या पांढऱ्या वाइनची तर साठवण करूच नये. त्यातल्या बहुतेक वर्ष-दोन वर्षांत, ताज्या असतानाच चांगल्या लागतात.

आणि हो, आपल्या राज्यात बाटली घरी ठेवायला परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. यजमानांना तेवढी आठवण करून द्या.

आपली जुनी खोड, चांगली वस्तू ‘पुढच्या कार्याला’ म्हणून राखून ठेवायची. पैठणीची घडी वर्षातून दोनदा मोडून ती जपता येते. वाइनला ती सोय नाही. म्हणून आजच घरात बसून एकेका बाटलीचा दिवस ठरवा, चिठ्ठीवर लिहून तिला चिकटवा. घरात कुणी घेत नसेल तर ज्यानं आणली त्यालाच मोकळ्या मनानं परत द्या. त्यात अपमान कसला? आणणाऱ्याच्या मायेचं चीज होईल, आणि तुमच्या शोकेसमध्ये बाहुल्यांना ऐसपैस जागा!