मेजवानी आणि भूक

इथिओपियातील दुष्काळाच्या वार्तांनी व्यथित होऊन बिल शोअर व त्यांची भगिनी डेबी यांनी 1984 साली वॉशिंग्टनमध्ये ‘शेअर अवर स्ट्रेंथ’ ही संस्था स्थापन केली, आणि पुढे तिच्या विद्यमाने अमेरिकेच्या अनेक शहरांत ‘टेस्ट ऑफ द नेशन’ या नावाने अन्न व मद्य यांच्या आस्वादाचे समारंभ भरू लागले. तशाच धर्तीच्या एका समारंभास मी गेलो, तेव्हा भुकेल्यांच्या नावाने द्राक्षासवाचा पेला हाती घेताना मन संकोचले. परंतु दिवसभर चुलीपाशी राबणारे आचारी आपली संध्याकाळ विनामोबदला देत आहेत हे पाहिल्यावर त्या संकोचाची जागा आदराने घेतली. तथापि समारंभ वर्षातून एकदा, आणि भूक रोजची. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर निघाली, 1977 साली तिचा कायदा झाला, आणि शहरी नोकरदाराच्या पगारातून वसूल होणारा व्यवसायकर त्या खर्चास लावला गेला. त्यामुळे खडी फोडणाऱ्या मजुरास कोणाच्या औदार्याची वाट न पाहता हक्काने काम मागता आले. मला हीच व्यवस्था अधिक श्रेष्ठ वाटते. वाचकांनी अशा मेजवानीचे तिकीट अवश्य घ्यावे. मात्र पगारपत्रकातील व्यवसायकराची कपात पाहून कुरकुर करू नये.