कोळशातून डिझेल निघतं, पण आपल्या कोळशातून परवडेल का?

भद्रावतीत कोळशाचा वायू करण्याच्या प्रकल्पासाठी 2023 मध्ये दावोसला 20 हजार कोटींचा सामंजस्य करार झाला. तेव्हापासून वरोरा, भद्रावती, राजुरा, वणी पट्ट्यात एक प्रश्न हमखास निघतो. कोळसा आपला, जमीन आपली, मग डिझेल इथंच का बनू नये? प्रश्न रास्त आहे. पण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली पद्धत वायुकरणाची. वाफ आणि ऑक्सिजन देऊन कोळशाचा वायू करायचा आणि त्यातून खत, मिथेनॉल बनवायचं. केंद्राने जानेवारी 2024 मध्ये 8,500 कोटींची योजना मंजूर केली ती यासाठी. 2030 पर्यंत 10 कोटी टन कोळशाच्या वायुकरणाचं उद्दिष्ट आहे.

दुसरी पद्धत थेट तेलाची. रिफायनरीत पेट्रोल-डिझेल काढून झाल्यावर तळाला डांबरासारखा घट्ट गाळ उरतो. त्यात कोळशाची बारीक भुकटी कालवायची, सुमारे 450 अंश तापमानाला प्रचंड दाबाखाली हायड्रोजन सोडायचा. कोळसा आणि गाळ दोन्ही फुटून हलकं तेल मिळतं. कल्पना जुनी आहे. कोळशावर दाबाखाली हायड्रोजन वापरणारे जर्मनीचे फ्रीडरिश बेर्गियस 1931 च्या नोबेलचे मानकरी होते. चीनच्या शान्शी प्रांतात जिंगब्येन इथं वर्षाला साडेचार लाख टन क्षमतेचा कोळसा-गाळ संच उभा राहिला. आपल्याकडे ऑइल इंडियाने आसाममध्ये दुलियाजानला छोटा प्रायोगिक संच उभारून पाहिला.

मग विदर्भात अडतं कुठं? पहिली अडचण राखेची. आसामच्या कोळशात राख कमी. आपल्या वीजकेंद्रांना मिळणाऱ्या कोळशात ती साधारण 30 ते 45 टक्के. राखेचं तेल होत नाही. उलट ती पंप-व्हॉल्व्ह झिजवते आणि बाहेर पडताना चांगलं तेलही सोबत नेते. कोळसा धुऊन राख कमी करता येते, पण खर्च वाढतो आणि धुतलेल्या पाण्याचा प्रश्न गावाच्या माथी येतो.

दुसरी अडचण गाळाची. विदर्भात रिफायनरी नाही. गाळ मुंबईहून किंवा मध्य प्रदेशातल्या बीनाहून आणावा लागेल, तोही गरम ठेवून. शिवाय त्याला डांबर आणि पेटकोकचं गिऱ्हाईक आधीच आहे. हायड्रोजन कोळशातूनच काढला, तर कार्बनचा धूरही वाढणार.

तिसरी अडचण पाण्याची. हायड्रोजनला वाफ लागते, कारखाना थंड ठेवायला पाणी लागतं. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं तेव्हा चंद्रपूर वीजकेंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते, हे जिल्हा विसरलेला नाही.

देश 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यामुळे असे प्रयोग व्हायलाच हवेत. पण गाळ जिथं निघतो त्या रिफायनरीच्या दारात आणि कमी राखेच्या कोळशावर ते आधी व्हावेत. उद्या कोणी गावात "कोळशातून डिझेल" म्हणत जमीन मागायला आलं, तर ग्रामसभेनं चार गोष्टी लेखी मागाव्यात: कोळशातली राख किती, गाळ कुठून येणार, उन्हाळ्यात पाणी कोणत्या धरणातून, आणि उरलेली राख कुणाच्या शिवारात टाकणार. नोकऱ्यांचा आकडा त्यानंतर ऐकावा.