गॅलरी कोणाची?

१९३७ साली मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले आणि पहिल्याच वर्षी तिथल्या पंचरंगी क्रिकेट स्पर्धेतून हिंदू संघाने अंग काढून घेतले. कारण खेळाचे नव्हते, खुर्च्यांचे होते. आपल्या वाट्याला आलेल्या जागा अपुऱ्या आहेत, ही हिंदू जिमखान्याची तक्रार होती. पुढे काही दशकांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचे तिकिटांच्या वाट्यावरून इतके फाटले, की शेषराव वानखेडे यांनी ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम बांधून घेतले. एकाच शहरात, किलोमीटरभराच्या आत, दोन कसोटी मैदाने कशी, याचे उत्तर एवढेच आहे. या दोन्ही भांडणांत समोरासमोर होते ते जिमखाने, क्लब आणि पदाधिकारी. ज्याच्या आरोळ्यांवर संघ मोठा होतो, तो चाळीतला, गिरणीतला प्रेक्षक वाटाघाटीला कधी बोलावला गेलाच नाही.

संघावरचा जीव आपोआप जडत नाही. माणूस कुठे जन्मला, कुठल्या वस्तीत वाढला, त्याच्या खिशात काय आहे, यावरून तो बराचसा ठरतो. पळवणकर बाळू यांचे उदाहरण घ्या. चर्मकार समाजातल्या या डावखुऱ्या गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात खेळताना त्यांचा चहा तंबूच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. जिमखान्याच्या सभासदाला हिंदू संघाचा विजय ही प्रतिष्ठेची बाब होती. दलित वस्तीतल्या माणसाला मात्र त्या विजयात आपला माणूस दिसत होता. तरुण आंबेडकरांनाही बाळूंचा अभिमान होता. १९२३ मध्ये बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले, तेव्हा त्यामागे या समाजाचा अनेक वर्षांचा रेटा होता. संघ एकच, पण त्याच्यावर जीव टाकण्याची कारणे वर्गागणिक, जातीगणिक निराळी.

कोल्हापूरला हे आजही उघड्या डोळ्यांनी पाहता येते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही फुटबॉल संघांची नावे तालमींची आहेत आणि तालीम पेठेची. पोरगा कुठल्या संघाचा, हे तो जन्मतो त्या गल्लीने ठरते. शाहू स्टेडियमवर सामना असला, की रिक्षावाला, गवंडी, दुकानदार, कॉलेजातला मुलगा एकाच पायरीवर दाटीवाटीने बसतात. या ईर्ष्येतून कधी हाणामाऱ्याही होतात आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. पण तिथला संघ त्याच्या माणसांपासून तोडून विकता येत नाही. लालबाग-परळच्या कबड्डीचेही तसेच होते. मंडळाचे मैदान, चुन्याच्या रेघा, भोवती उभे राहिलेले लोक. तिकिटाचा प्रश्नच नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्या मैदानांचा आधार खचला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, पहिला सामना वरळीतल्या वातानुकूलित सभागृहात झाला, खेळाडूंना प्रथमच बरे पैसे मिळाले. ते मिळायलाच हवे होते. प्रश्न आहे तो मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या त्या माणसाचा.

वानखेडेवर हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी सुमारे ३३ हजार जागांपैकी सर्वसामान्यांसाठी विक्रीला आली जेमतेम चार हजार तिकिटे. बाकीची क्लब, संघटना, प्रायोजक आणि पाहुणे यांच्यात वाटली गेली. धोनीचा तो षटकार ज्या शहरात पडला, त्या शहराने तो दूरचित्रवाणीवर पाहिला. १३ वर्षांनी, ४ जुलै २०२४ रोजी, टी-ट्वेंटी विश्वविजेत्यांच्या स्वागतासाठी याच वानखेडेची दारे मोफत उघडली गेली. काही तासांत स्टेडियम भरले आणि मरीन ड्राइव्हवर मुंगीला शिरायला जागा उरली नाही. तिकिटाची भिंत काढली, की मुंबई किती येते, हे त्या संध्याकाळी दिसले. जून २०२५ मधल्या बंगळूरूच्या जल्लोषाचे स्मरणही इथे ठेवले पाहिजे. तिथे चिन्नास्वामी स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. गर्दीचे नियोजन हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. पण एवढ्या लोकांना संघाच्या जवळ जाण्याची संधी वर्षातून एकदाच, रस्त्यावर, मिळते, हेही संयोजकांनी ओळखायला हवे होते.

आयपीएलच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींच्या रांगेत सरकारने ते बसवले आहे. म्हणजे हजार रुपयांचे तिकीट १४०० ला पडते. डोंबिवलीहून किंवा विरारहून आईवडील आणि दोन मुले यायची म्हटली, तर केवळ आत शिरायला ५६०० रुपये. लोकल, वडापाव, पाण्याची बाटली वेगळी. घरात दोन कमावते असले, तरी हा खर्च करण्यापूर्वी महिन्याचे गणित पुन्हा मांडावे लागते. परिणाम असा, की मुंबई इंडियन्सची निळी जर्सी सर्वाधिक दिसते ती गल्लीत, चाळीच्या गच्चीवर आणि लोकलच्या डब्यात. स्टेडियममधल्या महागड्या कक्षांत तिच्या शेजारी प्रायोजकांचे पाहुणे असतात. मुंबई इंडियन्स वर्षातून एका सामन्याला हजारो वंचित मुलांना वानखेडेवर आणते, हा उपक्रम मनापासून कौतुकाचा आहे. पण वर्षातला एक दिवस हा हक्क होत नाही.

दर कमी ठेवणे परवडत नाही, असे संयोजक म्हणतात. हे पटणारे नाही. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८ हजार ३९० कोटी रुपयांना गेले. त्या रकमेपुढे गॅलरीतल्या काही हजार खुर्च्यांचे उत्पन्न किती? उलट भरलेली, ओरडणारी गॅलरी नसेल, तर प्रक्षेपणाचीच किंमत उतरते. जर्मनीत डॉर्टमुंडने आपली दक्षिण गॅलरी आजही उभ्या प्रेक्षकांसाठी राखली आहे. सुमारे २५ हजार लोक तिथे स्वस्तात सामना पाहतात आणि तीच त्या क्लबची जगभर ओळख आहे. २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या चाहत्यांनी ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध ७७ व्या मिनिटाला मैदान सोडले, तेव्हा मालकांना माफी मागून दरवाढ मागे घ्यावी लागली. आपल्याकडेही पुरावा आहे. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या साखळी सामन्यांची तिकिटे १०० रुपयांपासून होती. अंतिम सामन्याला नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम तुडुंब भरले आणि बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलींनी हरमनप्रीतच्या संघाला चषक उचलताना पाहिले.

यात सरकारलाही बाजूला उभे राहता येणार नाही. वानखेडे सरकारी जमिनीवर आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या टी-ट्वेंटी सामन्याच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क ७० लाखांवरून १० लाखांवर आणले आणि तेही २०११ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने. झोपडपट्टीवासीयाची पाणीपट्टी वाढवता आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाला सूट कशी देता, अशा आशयाची विचारणा मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर केली. न्यायालयाचा रोख योग्य होता. लोकांच्या तिजोरीतून सवलत जाते, तर लोकांना बदल्यात काही मिळाले पाहिजे.

म्हणून दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. मुंबई क्रिकेट असोसिएशनने प्रत्येक सामन्याआधी किती जागा क्लबांना, किती प्रायोजकांना आणि किती खुल्या विक्रीला, हे आकडे संकेतस्थळावर जाहीर करावेत. आणि गृह खात्याने बंदोबस्ताची सवलत देताना एक अट घालावी: किमान एक चतुर्थांश जागा करासह ५०० रुपयांच्या आत, ओळखपत्रावर, खुल्या विक्रीला. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सवलतीच्या आदेशात एक ओळ घातली तरी पुरे. वानखेडेवरच्या पुढच्या आयपीएल सामन्याच्या आधी ती घातली जावी.