गोठ्यातला २१ दिवसांचा हिशेब

मराठी घरात गाय माजावर येते, कन्नड घरात ‘बेदे’ला येते. आपला ‘गाभण’ आणि कन्नड ‘गब्ब’ हे तर सख्खे भाऊच. पण गायीच्या पोटात आणखी एक बोलणे चालते, ते आपल्याला ऐकू येत नाही. त्यावर लिहायचे कारण म्हणजे दादऱ्याला कारखान्यात नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या एका वाचकाचा फोन. “गावी आई एकटी गोठा बघते. गाय सारखी उलटते. माजाचे इंजेक्शन देऊ का?”

आधी हिशेब पाहू. माज साधारण २१ दिवसांनी येतो. १८ ते २४ दिवसही चालतात. माज ओसरल्यावर बीज सुटते आणि बीजांडकोशावर त्या जागी एक पिवळी गाठ तयार होते. ती प्रोजेस्टेरॉन सोडते, तोवर पुन्हा माज नाही. सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडते, गाठ विरते आणि नवा माज येतो.

हे द्रव्य संप्रेरकासारखे काम करते, पण साऱ्या अंगात फिरत नाही. फुप्फुसातून एकदा गेले की त्याचा बहुतेक भाग संपतो. म्हणून ते गर्भाशयाच्या शिरेतून थेट शेजारच्या बीजांडकोशाच्या धमनीत उतरते. प्रोस्टाग्लँडिनच्या शोधांना १९८२ साली नोबेल मिळाले.

गर्भ राहिला असेल तर? तो एवढासा जीव त्याच दिवसांत इंटरफेरॉन टाऊ हा निरोप धाडतो. गर्भाशय थांबते, गाठ टिकते. निरोप क्षीण पडला किंवा उशिरा पोचला, तर गर्भ जातो आणि गाय उलटते.

आता इंजेक्शनचे. उलटणाऱ्या गायीला माज येतोच आहे. मग माजाचे इंजेक्शन कशाला? ते बहुधा प्रोस्टाग्लँडिनच असते. पिवळी गाठ तयार असेल तरच ते लागू पडते आणि दोन ते पाच दिवसांत माज येतो. मात्र गाय गाभण असली, तर त्याच सुईने गर्भ पडू शकतो. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ते नकोच.

घरातल्या बायकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. हे औषध कातडीतून अंगात शिरते. गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने त्या बाटलीला हात लावू नये. अंगावर सांडलेच, तर लगेच साबणाने धुवावे.

मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला ‘बाएफ’ स्थापन केली. तिच्यामुळे कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत आले. माज ओळखणे मात्र घरच्यांच्याच हाती आहे. काचेसारखा सोट, हंबरणे, दुसरे जनावर अंगावर चढले तरी गाईने उभे राहणे, ही त्याची खूण. सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी गाय भरवावी.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारीख लिहा, मराठीत नाही तर कन्नडमध्ये. पुढचे २१ दिवस मोजा. डॉक्टर आले की आधी ते कॅलेंडर त्यांच्यापुढे ठेवा.